स्वयंपाकघर सरकवलं, स्प्रिंकलर काढला आणि सोसायटीची नोटीस आली

प्रश्न : आमचा फ्लॅट २२ मजली इमारतीत १४व्या मजल्यावर आहे. ताबा मिळून तीन वर्षं झाली, सोसायटी नोंदणीकृत आहे. घराच्या नूतनीकरणात इंटिरिअर डिझायनरने स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाच फूट रुंदीत तोडली आणि ओटा व हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) ड्राय बाल्कनीत नेला. त्याच्याच प्लंबरने पाइप गॅसची नळी तिथपर्यंत लांबवली. बाल्कनीला सरकत्या काचा लावल्या. फॉल्स सीलिंगच्या आड येतो म्हणून एक स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेने काचेची नळी फुटून पाणी फवारणारं तोंड) काढून तिथे प्लग (पाइपाचं तोंड बंद करणारं बूच) बसवला. सोसायटीची लेखी परवानगी घेतलेली नाही. आता सात दिवसांत सगळं पूर्ववत करा, नाहीतर पाणी तोडू आणि महापालिकेकडे तक्रार करू, अशी समितीची नोटीस आली आहे. ‘घराच्या आतल्या बदलाला परवानगी लागत नाही’ असं डिझायनर सांगतो. सगळं पाडावं लागेल का? जबाबदारी कोणाची?

उत्तर : तुमच्या घरात झालेले बदल एकाच तराजूत तोलू नका. त्यातले काही टिकवता येण्यासारखे आहेत, काही अजिबात नाहीत. जे टिकणार नाही ते आजच सोडून द्या, म्हणजे उरलेल्यासाठी भांडायला तुमची बाजू भक्कम राहील. स्प्रिंकलर आणि गॅसची नळी यांवर वाद घालू नका. भिंतीवर घालता येईल, पण ती कसली आहे हे कळल्यावरच.

आधी डिझायनरच्या म्हणण्याबद्दल. त्याचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच लोकांना गोत्यात आणतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये अशी सूट आहे की, ज्या दुरुस्तीचा किंवा फेरबदलाचा परिणाम फक्त इमारतीच्या अंतर्भागावर होतो किंवा बाह्यरूपावर ठळक परिणाम होत नाही, त्याला नियोजन परवानगी लागत नाही. पण ही सूट त्या कायद्यापुरतीच आहे. सोसायटीचे उपविधी, महापालिकेचा कायदा आणि अग्निसुरक्षेचा कायदा यांच्यातून ती सुटका देत नाही. शिवाय काचा लावून बंद केलेली बाल्कनी बाहेरून दिसते, आणि मंजूर नकाशातली मोकळी जागा तिथे वापरात घेतली गेली आहे. तिला ‘फक्त अंतर्भाग’ म्हणणं कठीण जाईल. मुंबईत असाल तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३४२ही लागू होतं. इमारतीत भर घालण्याआधी किंवा बदल करण्याआधी आयुक्तांना सूचना देणं त्यानुसार आवश्यक आहे.

आता स्प्रिंकलर. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही यंत्रणा बसवण्याची आणि कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. तुमच्या घरातल्या स्प्रिंकलरच्या बाबतीत ते तुम्ही आहात, डिझायनर नाही. यंत्रणेत फेरफार करणं किंवा ती निकामी करणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शिक्षेत तुरुंगवास व दंड दोन्ही येतात. शिवाय यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाकडे द्यावं लागतं. तुमच्या घरात प्लग असताना सोसायटी ते प्रामाणिकपणे देऊच शकत नाही. समितीचा संताप इथे समजण्यासारखा आहे.

एक गोष्ट ताबडतोब तपासा, नोटिशीच्या उत्तराच्याही आधी. स्प्रिंकलर काढायचा तर त्या मजल्याची झडप बंद करून पाइप रिकामा करावा लागतो. काम झाल्यावर ती झडप पुन्हा पूर्ण उघडली का? अशा कामांत ती बंदच राहून जाण्याचा धोका असतो आणि मग शेजारच्या घरांच्या छतावरचे स्प्रिंकलरही नुसते शोभेचे उरतात. इमारतीच्या देखभाल तंत्रज्ञाला सोबत घेऊन झडप आणि दाबमापक बघा, फोटो काढा.

फॉल्स सीलिंग ठेवायचं असेल तर मार्ग सोपा आहे. परवानाधारक एजन्सीकडून पाइप खाली उतरवून नवा स्प्रिंकलर सीलिंगच्या पातळीवर बसवायचा, दाबाची चाचणी घ्यायची आणि कामाचं प्रमाणपत्र घ्यायचं. काढलेला जुना नग पुन्हा लावू नका. नेहमीच्या खोलीत लाल काचेचा, ६८ अंशांना फुटणारा स्प्रिंकलर असतो. हॉबच्या उष्णतेजवळ एजन्सी ७९ अंशांचा पिवळा किंवा ९३ अंशांचा हिरवा सुचवू शकते. रंगाऱ्याला बजावून ठेवा की त्यावर ब्रश फिरता कामा नये. रंगाचा थर बसला की तो उशिरा फुटतो किंवा फुटतच नाही. धूरशोधक होता आणि फोडणीच्या धुराने वाजतो म्हणून काढला असेल, तर एजन्सीला तिथे उष्णताशोधक देता येईल का ते विचारा. जागा रिकामी ठेवू नका.

गॅसचंही तसंच. पाइप गॅसची नळी वाढवणं, वळवणं किंवा तिच्या जागेत बदल करणं हे गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचं काम आहे. आज मीटरजवळची झडप बंद करा, कंपनीला कळवा आणि तपासणी होईपर्यंत हॉब पेटवू नका. विजेच्या शेगडीवर काही दिवस निघतील, मात्र मोठ्या इंडक्शन हॉबला विजेचा साधा प्लग पुरत नाही. सात किलोवॉटच्या हॉबला स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि निदान सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते, आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायला हवं.

ड्राय बाल्कनीतला हॉब मात्र परत आत घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याचा आग्रह बाजूला ठेवला तरी ती जागा वाईट आहे. काचा उघड्या असताना चौदाव्या मजल्यावरचा वारा ज्योत विझवतो आणि गॅस चालूच राहतो. काचा बंद असताना वायुविजन उरत नाही. पाइप गॅस हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली साठतो, सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत. म्हणून गॅसशोधक पाइप गॅसच्या घरात छताजवळ लावतात आणि सिलिंडरच्या घरात खाली. शिवाय बाल्कनीचा स्लॅब बहुधा एका बाजूनेच आधारलेला असतो, त्यावर दगडी ओट्याचं कायमचं वजन कोणी मोजून टाकलेलं नसतं. बाल्कनीचा निचरा जर पावसाच्या पाण्याच्या नळाला जोडलेला असेल, तर भांड्यांचं तेलकट पाणी तिथे सोडल्यावर तो कधीतरी तुंबणार आणि गळती खालच्या घरात उतरणार. तो दावाही तुमच्यावरच येईल. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ स्वयंपाकघराला मोकळ्या जागेत उघडणारी किमान एक चौरस मीटरची खिडकी असावी असं सांगते, शाफ्टमध्ये (इमारतीतल्या उभ्या बंदिस्त पोकळीत) उघडणारी चालत नाही. मूळ स्वयंपाकघराला ती खिडकी असेल, तर तेच तुमच्यासाठी सर्वांत सुरक्षित आणि कायद्याने निर्वेध ठिकाण आहे. चिमणीचा पाइपही बाहेर मोकळ्या हवेत न्या. सामायिक शाफ्टमध्ये सोडला तर तिथे तेलाचे थर साचतात आणि आग वरच्या मजल्यांवर चढायला वाट मिळते.

भिंतीचा निकाल एका प्रश्नावर आहे: ती विटांची किंवा ब्लॉकची होती की काँक्रीटची? गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच उंच इमारती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला बांधकामावर ‘माइव्हान’ म्हणतात, त्या पद्धतीने उभ्या राहिल्या आहेत. त्यांत पातळ दिसणारी आतली भिंतसुद्धा भार वाहणारी आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटची) भिंत असू शकते, आणि भूकंपाचा व वाऱ्याचा जोर तीच पेलते. तोडताना सळया दिसल्या का, हे मजुरांना विचारा. राडारोड्याचे फोटो असतील तर बघा. विकासकाकडे किंवा सोसायटीकडे संरचनात्मक नकाशे असतात, त्यांची प्रत लेखी मागा.

सळया दिसल्या असतील तर आज काम थांबवा, त्या ठिकाणी टेकू लावा आणि परवानाधारक संरचना अभियंत्याला बोलवा. अशा भिंतीतलं पाच फुटांचं भगदाड तुम्ही वाचवू शकणार नाही. ते अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे भरावं लागेल, वीट लावून नुसतं बुजवून चालणार नाही. भिंत ब्लॉकची निघाली, तर अभियंत्याकडून तसं प्रमाणपत्र घ्या आणि सोसायटीकडे उघडं स्वयंपाकघर कायम ठेवण्याची परवानगी मागा. त्या अर्जात उघडेपणाने वाढलेला धोका कमी करण्याचे उपाय स्वतःहून लिहा: ज्योत विझताच गॅस बंद करणारा हॉब, हॉबपासून चिमणीपर्यंत उत्पादकाने सांगितलेलं अंतर (गॅसला साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर), हॉबच्या वर किंवा बाजूला लाकडी कपाट नाही, अग्निरोधक ब्लँकेट आणि तेलाच्या आगीसाठी वेट केमिकल अग्निशामक. पूर्वी आगीचा धूर बराच काळ भिंतीने अडवला असता, आता तो थेट हॉलमध्ये आणि बाहेर पडायच्या वाटेवर येईल. परवानगी देणाऱ्याला हाच प्रश्न पडणार आहे, आणि तो योग्य आहे. जाता जाता, डिझायनरने मुख्य दारही बदललं असेल तर जुनं दार अग्निरोधक होतं का, हेही पाहा.

समितीचे अधिकार किती? आदर्श उपविधींनुसार समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय फ्लॅटमध्ये भर किंवा फेरबदल करता येत नाही, म्हणून नोटीस देण्याचा त्यांना हक्क आहे. पण उपविधी समितीला पाणी तोडण्याचा अधिकार देत नाहीत. अंतर्गत कामाचा सभासद आणि सोसायटी यांच्यातला वाद सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, आणि अनधिकृत बांधकामाची तक्रार महापालिकेकडे. पाणी तोडायचा प्रयत्न झाला तर सहकार न्यायालयात अंतरिम मनाई मागता येईल. पण त्या दिवशी तुमच्या छताला स्प्रिंकलरच्या जागी प्लग नसलेला बरा.

उत्तर सात दिवसांच्या आत, लेखी, पोच घेऊन द्या. मजकूर साधारण असा ठेवा: ‘माझ्या हक्कांना बाधा न येता कळवतो की, काम थांबवले आहे. स्प्रिंकलर परवानाधारक एजन्सीमार्फत अमुक तारखेपर्यंत पूर्ववत होईल. गॅसजोडणी कंपनीला कळवून बंद केली आहे. हॉब मूळ जागी नेत आहे. भिंतीबाबत संरचना अभियंत्याची नेमणूक केली असून अहवाल सोबत जोडून परवानगीचा रीतसर अर्ज करेन. तोपर्यंत पाणीपुरवठ्याबाबत कोणतीही कारवाई करू नये.’ ‘मला माहीत नव्हतं’, ‘इतरांनीही केलं आहे’ ही वाक्यं त्यात नकोत. पहिलं वाक्य कबुली ठरतं आणि दुसऱ्याने शेजारी शत्रू होतात.

महापालिकेची नोटीस आली तर ती आधी नीट वाचा, कारण कलमागणिक मार्ग बदलतो. नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ ची असेल तर ती काम थांबवण्याची आहे, त्यानंतर एक हातोडा पडला तरी नवा गुन्हा. कलम ५३ ची असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम ४४ खाली काम कायम ठेवण्याची परवानगी मागता येते, आणि त्या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत ते काम पाडलं जात नाही. मुदत चुकली की हे संरक्षण गेलं, म्हणून वास्तुविशारदाकडून नकाशा आधीच तयार ठेवा.

अजून विकासकाचा दोषदायित्व काळ चालू आहे, हेही ध्यानात घ्या. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत निघालेले संरचनेतले व कारागिरीतले दोष विकासकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. मात्र स्वयंपाकघर, नळ किंवा संरचना यांत लेखी संमतीशिवाय बदल केल्यास हे दायित्व संपतं, अशी अट अनेक विक्री करारांत असते. तुमचा करार काढून ती अट आहे का ते बघा. घराचा विमा असेल तर बदल कंपनीला कळवा.

राहिली जबाबदारी. सोसायटी, महापालिका आणि अग्निशमन दल यांच्यासमोर तुम्हीच उभे राहणार. आग लागून कोणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ (आगीबाबत निष्काळजी वर्तन) आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ यांची चौकशी तुमच्यापासून सुरू होईल, मग ती डिझायनर आणि प्लंबर यांच्यापर्यंत पोहोचेल. झालेला खर्च मात्र डिझायनरकडून वसूल करता येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्यासाठी कोटेशन, पैसे दिल्याच्या नोंदी आणि ‘परवानगी लागत नाही’ असं सांगणारे त्याचे संदेश जपून ठेवा. स्प्रिंकलर पूर्ववत करण्याआधी प्लगचे तारखेसह फोटो काढा आणि एजन्सीच्या अहवालात ‘आल्यावर काय स्थिती होती’ हे लिहून घ्या. एकदा नवा स्प्रिंकलर बसला की जुनी चूक दाखवणारं दुसरं काही तुमच्या हातात राहणार नाही.