विशालन वाढलं, तपशील का वाढला नाही?

प्रश्न : माझ्या सूक्ष्मदर्शकाला ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) आहे. १०एक्सऐवजी २५एक्स आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून विशालन ४०० वरून १००० केलं. रंगवलेले जिवाणू मोठे दिसतात, पण पुसट आणि अंधूक. आयपीस खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आयपीस फक्त ऑब्जेक्टिव्हने तयार केलेली प्रतिमा मोठी करतो. तिच्यात जे नाही ते तो आणणार कुठून? जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसणं, म्हणजे विभेदन, ठरतं ते न्यूमरिकल अपर्चर (एनए, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं ते सांगणारा आकडा) आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर. ऑब्जेक्टिव्हवर ४०/०.६५ असं कोरलेलं असेल, तर ०.६५ हा एनए. तरंगलांबीला ०.६१ ने गुणून एनएने भागा. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात उत्तर येतं सुमारे ५१६ नॅनोमीटर, म्हणजे अर्धा मायक्रॉन. याहून जवळचे ठिपके एकमेकांत मिसळणारच, आयपीस कोणताही लावा.

उपयोगी विशालन एनएच्या ५०० ते १००० पट असतं. तुमच्यासाठी ३२५ ते ६५०. म्हणजे ४०० ठीकच होतं. त्यापुढचं विशालन पोकळ. शिवाय तोच प्रकाश सव्वासहा पट क्षेत्रफळावर पसरला, म्हणून अंधार.

खरा फरक हवा असेल तर १००एक्स, एनए १.२५ चं ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्ह (स्लाइड आणि भिंगामध्ये तेल घालून वापरायचं) १०एक्स आयपीससोबत वापरा. विशालन तेच १०००, पण विभेदन सुमारे २७० नॅनोमीटर.

त्याआधी कंडेन्सर (स्लाइडखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) तपासा, कारण बहुतेकांचं विभेदन इथेच वाया जातं. उजेड जास्त वाटला की लोक त्याचा डायफ्रॅम (लहानमोठं करता येणारं प्रकाशाचं छिद्र) बंद करतात. कडा गडद होतात, चित्र 'शार्प' वाटतं, पण बारीक तपशील गेलेला असतो. उजेड दिव्यानेच कमी करा. डायफ्रॅम लावण्यासाठी फोकस करून आयपीस काढा, नळीत पाहा आणि प्रकाशाच्या वर्तुळाचा सुमारे तीन चतुर्थांश व्यास उजळलेला राहील इतकाच तो मिटा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की पुन्हा.

तेल लावताना आधी ४०एक्सवर फोकस करा, नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) अर्धवट फिरवा, स्लाइडवर एक थेंब टाका आणि १००एक्स जागेवर आणा. बुडबुडा अडकला तर चित्र धुरकट होतं. पुसून नवा थेंब घ्या. तेल असताना ४०एक्स परत फिरवू नका, ते कोरडं, म्हणजे तेलाविना वापरायचं ऑब्जेक्टिव्ह आहे. काम झाल्यावर लेन्स पेपरनेच पुसा. वाळलेलं तेल काढणं फार जिकिरीचं.