तंगूस का तुटतो?

प्रश्न : जगातला सर्वांत मोठा मासा गरवता येतो का? आमच्या रीलवर २४ किलोचा तंगूस (म्हणजे २४ किलो ताण सोसणारा नायलॉनचा दोरा) आहे, तरी मोडुसा मासा लागला की तुटतो. ड्रॅग (ठरावीक ताणाला तंगूस सोडणारा रीलचा ब्रेक) किती ठेवावा? – एक वाचक, गुहागर

उत्तर : सर्वांत मोठा मासा व्हेल शार्क. (देवमासा नव्हे, तो मासाच नाही.) हा तोंड उघडून पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो, गरीला लावलेल्या बांगड्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय २००१पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) आलाच, तर शेपटीला दोर लावून ओढू नका, जाळं कापून वाट द्या. सोडतानाचे फोटो-व्हिडिओ ठेवा. जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते.

गरीवरचे राक्षस वेगळे. १९५३ साली पेरूच्या काबो ब्लँकोला आल्फ्रेड ग्लासेल यांनी ७०७ किलोचा ब्लॅक मार्लिन काढला. आजच्या विक्रमांच्या नियमांत सर्वांत जाड तंगूस ६० किलोचा. म्हणजे तंगुसाने मासा उचलायचा नसतो, ड्रॅगने दमवायचा असतो.

ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या एक तृतीयांश ठेवा. तुमच्यासाठी ८ किलो. अंदाजाने नको. तंगूस रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून स्प्रिंगच्या ताणकाट्याला अडकवा, रॉड थोडा उचलून धरा आणि दुसऱ्याला काटा हळूहळू ओढायला सांगा. काटा आठावर आला की ड्रॅग सुटला पाहिजे. बाकीचे दोन हिस्से वाया जात नाहीत: मासा पळाला की रीळ रिकामं होतं, आणि गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट, म्हणजे १६ किलो भरतो. वर पाण्यातल्या तंगुसाची ओढ आणि गाठीची कमजोरी. नेमकं अशा वेळी माणसं ड्रॅग आवळतात! तेव्हा तो थोडा सैल करायचा असतो.

तुटलेलं टोक मात्र आधी बघा. पिळवटून कुरळं झालं असेल, तर गाठ सुटली. ती ओली करूनच आवळावी, कोरड्या घर्षणाने नायलॉन भाजतो. टोक खरबरीत असेल, तर खडकावरची कालवं. तिथे ड्रॅगचा दोष नाही, शेवटचे दोन-तीन मीटर लीडर, म्हणजे जाड तंगुसाचा तुकडा, लावा.

मोडुशाची खोड वेगळीच. तो मुकाट होडीपर्यंत येतो आणि तिथे उसळतो. तंगूस आखूड उरल्याने ताण खाऊन घेत नाही. कडेला आला म्हणून घाई नको, आणखी एक धाव घेऊ द्या.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकं धुवा. जोरदार फवाऱ्याने मीठ आत जातं. ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पुढच्या वेळी झटके देतात.