टॉमी जॉन ऑपरेशननंतर पिचर पुन्हा पूर्वीसारखा चेंडू टाकू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतला तुमचा 16 वर्षांचा भाचा बेसबॉलमध्ये पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) आहे, त्याच्या कोपरातलं लिगामेंट फाटलंय आणि टीममधली मुलं त्याला सांगताहेत की टॉमी जॉन ऑपरेशन (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, बसवणं) झालं की चेंडूचा वेग उलट वाढतो. मी डॉक्टर नाही. लॉस एंजेलिसमध्ये राहतो आणि इथल्या डॉजर्स या बेसबॉल संघाचा जुना भक्त आहे, त्यामुळे हा विषय टाळू म्हटलं तरी टळत नाही. परत येता येतं, बहुतेक जण येतातही. वेग वाढतो ही मात्र निव्वळ अफवा.

आपल्याकडे खेळाडूचं कोपर म्हटलं की सचिनचा टेनिस एल्बो आठवतो. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, हे आतल्या बाजूचं. दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना आतून धरून ठेवणारा एक छोटासा पट्टा असतो, तेच हे लिगामेंट. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करायला बंदी आहे, म्हणून त्याची पाठ आणि खांदा आधी बोलायला लागतात. पिचर कोपर वाकवून हात मागे नेतो आणि क्षणार्धात पुढे झटकतो. तो सगळा ताण या पट्ट्यावर येतो. एखाद्या चेंडूने तो तुटला असं वाटतं, पण बहुतेकदा तो कित्येक महिने झिजत आलेला असतो.

1974 पर्यंत हे लिगामेंट गेलं की पिचर घरी बसायचा. त्या वर्षी जुलैत डॉजर्सच्या टॉमी जॉनचा डावा हात गेला. वय 31, मोसमात 13 विजय आणि 3 पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावर लिहितात), म्हणजे ऐन भरातला माणूस. डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या हातातला एक टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी त्याला आधीच सांगितलं होतं. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवा. मधोमध दोरी उठते, तोच हा टेंडन. काहींना तो जन्मतःच नसतो, मग मांडीतला घेतात.)

पुढे काय झालं ते भाच्याला जरूर सांगा, कारण कौतुकाच्या गोष्टीत हा भाग गाळला जातो. ऑपरेशननंतर मज्जातंतूवर दाब येऊन टॉमी जॉनच्या हाताची बोटं आखडली, त्यासाठी डिसेंबरमध्ये दुसरं ऑपरेशन करावं लागलं. 1975 चा पूर्ण मोसम गेला. 1976 मध्ये तो परतला तेव्हा हिशेब 10 विजय, 10 पराभव असा बेताचाच होता. खरा बहर 1977 मध्ये आला, 20 विजय. ऑपरेशनआधी त्याने एकदाही एका मोसमात 20 सामने जिंकले नव्हते, नंतर तीनदा जिंकले. एकूण 288 विजयांपैकी 164 ऑपरेशननंतरचे, आणि निवृत्त झाला तो 1989 मध्ये, 46 व्या वर्षी. माझ्या मते त्याला एका गोष्टीने तारलं: तो कधीच निव्वळ वेगावर खेळणारा नव्हता. शेवटी खाली बुडणारा चेंडू आणि अचूक नेम ही त्याची मिळकत होती.

बसवलेला टेंडन म्हणजे आंब्याचं कलम समजा. आधी तो जगला पाहिजे, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या पाहिजेत, मग हळूहळू तो लिगामेंटसारखं काम करू लागतो. त्याला घाई चालत नाही. साधारण चार-पाच महिन्यांनी अगदी जवळून हलके चेंडू फेकायला देतात, मग अंतर वाढतं, मग पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, मग समोर फलंदाज. सामन्यात उतरायला साधारण वर्ष ते दीड वर्ष. हात बरा वाटतो त्याच्या कितीतरी आधी, आणि बहुतेक मुलं तिथेच घसरतात. वेग परतला तरी चेंडू हवा तिथे पडायला आणखी वेळ लागतो.

पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीचंच बघा. ऑक्टोबर 2018 मध्ये ऑपरेशन, आणि 2020 मध्ये पिचर म्हणून परतला तेव्हा दोन सामन्यांत मिळून दोन डावही (बेसबॉलमध्ये तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो) पुरे टाकता आले नाहीत. 2021 मध्ये तोच एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू! सप्टेंबर 2023 मध्ये कोपरावर पुन्हा ऑपरेशन झालं. 2024 भर त्याने फक्त बॅटिंग केली आणि जून 2025 मध्ये परतल्यावर पहिल्याच डावात ताशी 160 किलोमीटरच्या वर चेंडू टाकला. हे बघून मुलांना वाटतं ऑपरेशनने वेग दिला. पण त्याचा वेग पूर्वीही तेवढाच होता. ज्यांचा थोडा वाढलेला दिसतो त्यांनी वर्षभर पाय, कंबर, खांदा यांवर कसून मेहनत केलेली असते. तीच मेहनत धडधाकट कोपरानेही करता येते.

नीरज चोप्राचं उदाहरण तुमच्या घरात कुणीतरी देईलच. त्याच्या कोपराचं ऑपरेशन मे 2019 मध्ये मुंबईत झालं आणि जानेवारी 2020 मध्ये त्याने 87.86 मीटर भाला फेकून ऑलिम्पिकची पात्रता गाठली. पण त्याच्या कोपरातले हाडाचे सुटे तुकडे काढले होते, लिगामेंट नव्याने बांधलं नव्हतं. तेवढ्या महिन्यांची अपेक्षा भाच्याकडून ठेवू नका.

आता कामाचं. लिगामेंट पूर्ण फाटलंय की अर्धवट, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अर्धवट असेल तर विश्रांती आणि फिजिओथेरपीवर काही जणांचं निभावतं, आणि 16 व्या वर्षी तो मार्ग आधी तपासायला हरकत नाही. दुसरं मत जरूर घ्या. आणि ऑपरेशन होवो न होवो, मेजर लीगने (अमेरिकेतली सर्वांत वरची बेसबॉल लीग) तरुण पिचर्ससाठी घालून दिलेली मर्यादा घरात लावून ठेवा: 15-16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त 95 चेंडू, आणि वर्षातले किमान चार महिने सामन्यांतलं पिचिंग बंद. शाळेची टीम, क्लबची टीम आणि सुट्टीतलं शिबिर असे तिन्ही प्रशिक्षक आपापले चेंडू वेगळे मोजतात. बेरीज घरच्यांनाच करावी लागते.