गवताला पानं नसतात?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्ज ऑफ ग्रास' या कवितासंग्रहाला मी 'गवताची पानं' म्हटलं, तर एका जाणकारांनी सुनावलं, "गवताला पानं नसतात, पाती असतात." बरोबर काय?

'गवताची पानं' बरोबर. ही पात्यांची दुरुस्ती मी कित्येक वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी वैतागतो. दुरुस्ती करणारे मराठीकडे बघतात, मूळ नावाकडे बघतच नाहीत. इंग्रजीतही गवताच्या पात्याला एरवी 'ब्लेड' म्हणतात. तो रूढ शब्द हाताशी असताना व्हिटमनने 'लीफ' घेतला. त्याने मुद्दाम ठेवलेला खडा आपण का वेचून टाकायचा?

त्याने असं का केलं, याचं उत्तर मला छापखान्यात दिसतं. 1819 साली लाँग आयलंडवर जन्मलेला हा सुताराचा मुलगा अकराव्या वर्षी शाळेतून सुटला आणि बाराव्या वर्षी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकू लागला. 1855 साली ब्रुकलिनमध्ये पुस्तक छापलं गेलं, तेव्हा त्यातली काही पानं त्याने स्वतः जुळवली. बारा कविता. शीर्षकाच्या पानावर कवीचं नाव नाही. हिरव्या कापडी बांधणीवर नावाची सोनेरी अक्षरं, आणि त्या अक्षरांनाच मुळं नि पालवी फुटलेली! इंग्रजी 'लीफ' पुस्तकाचंही पान असतं; शाईत हात बुडालेल्या माणसाला 'लीफ' म्हटल्यावर आधी कागद आठवणार. पुढे त्यातल्या एका कवितेत मूल ओंजळभर गवत आणून "हे काय?" विचारतं, तेव्हा कवीला सुचलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे, ही एक चित्रलिपी असावी. म्हणजे गवत वाचायचंच आहे. गवत सगळीकडे सारखं उगवतं म्हणून ते लोकशाहीचं प्रतीक, एवढ्यावर जे टीकाकार थांबतात, त्यांनी फक्त 'ग्रास'चा अर्थ लावला. 'लीव्ज' तसाच राहिला.

मराठीचं भाग्य असं की आपलं 'पान' झाडालाही आहे आणि पुस्तकालाही. हिंदीवाल्याला इथे पत्ता की पन्ना हे ठरवावं लागतं.

आता त्या 'पात्या'कडे. गंमत अशी की 'ब्लेड' आणि 'पातं' अगदी एकाच वाटेने गेले आहेत. 'ब्लेड'चा जुना अर्थ पानच. जर्मन 'ब्लाट' अजूनही झाडाचं पान आणि कागद दोन्ही सांगतो. इंग्रजीत तो शब्द तलवारीवर गेला, आपल्याकडे पातं सुरीवर गेलं, मग पंख्यावर आणि थेट डोळ्यावर: पातं लवतं न लवतं तोच! कांद्याची 'पात' त्याच घरातली. हे सगळं संस्कृत 'पत्र'पासून, आणि 'पत्र' 'पत्' धातूपासून. इथे 'जे गळून पडतं ते पत्र' असं सांगणारे भेटतात. साफ नामंजूर. 'पत्'चा अर्थ पडणं आहे तसा उडणंही आहे, आणि 'पत्र' त्या उडण्यातून आलं आहे. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, पंखाच्या नावांमध्ये 'पत्र' आहे, ते काय उगाच? इंग्रजी 'फेदर' हा या 'पत्र'चा सख्खा भाऊ. म्हणजे आपण टपालात टाकतो ते पत्र मुळात पीस आहे!

आणि 'पान'? पर्ण, पण्ण, पान; जसं कर्ण, कण्ण, कान. वेदांमध्ये 'पर्ण' म्हणजेही पीस. म्हणून गरुड 'सुपर्ण'. याच 'पर्ण'चं इंग्रजी भावंड म्हणजे 'फर्न', आपलं नेचं. त्याची पिसासारखी पानं एकदा नीट बघा, कोश उघडायची गरज पडणार नाही.

हां, प्रश्न गवताचा होता. 'तृणपर्णे' मात्र नको. पुस्तकाच्या पानाला कोणी पर्ण म्हणत नाही, त्यामुळे तो दुहेरी अर्थ तिथेच मरतो, आणि रस्त्यावरची बोली कवितेत आणणाऱ्या या माणसाला ते सोवळं शोभतही नाही. गवताचं एक पान म्हणजे ताऱ्यांच्या राबण्यापेक्षा उणं नाही, असं तो लिहितो तिथेही शब्द 'लीफ'च आहे. तिथे 'पान'च हवं. त्याच कवितेच्या सुरुवातीला तो निवांत टेकून उन्हाळी गवताकडे बघतो, तिथे मात्र शब्द 'स्पिअर', म्हणजे भाला, आहे. त्या ओळीत पातं खुशाल वापरा.