एवढे रिपोर्ट शेवटी जातात कुठे?

प्रश्न : ताई, आयव्हीएफ करूनही दिवस राहिले नाहीत. डॉक्टर म्हणतात ‘अनएक्सप्लेन्ड’. घरचे मलाच बोलतात, नवऱ्याची साधी तपासणीसुद्धा किती उशिरा झाली. आपल्या देशात यावर संशोधन होतं का? आमच्या फायली कोणी बघतं का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : संशोधन होतं गं, मुंबईत परळला आयसीएमआरची (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था १९७० पासून प्रजनन आरोग्याच्या संशोधनाला वाहिलेली आहे. १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे आयव्हीएफने, शरीराबाहेर गर्भ तयार करून झालेली मुलगी, जन्माला आली ती डॉ. इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या टीमची, आणि देशातली पहिली म्हणून तीच गाजली. पण पुढे आनंद कुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये जाहीर लिहिलं की १९७८ चं त्यांचं टेस्ट ट्यूब बेबीचं काम खरं होतं, पहिला मान त्यांचा. मुखोपाध्यायांवर सरकारी समितीने विश्वास ठेवला नव्हता, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. हे वाचलं की मला अजून गलबलून येतं. कागद जपले होते म्हणून निदान उशिरा तरी न्याय झाला.

आता तुझी फाईल. २०२१ च्या एआरटी (म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याने क्लिनिकांनी राष्ट्रीय रजिस्ट्रीला माहिती द्यायची आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यातून दरवर्षी वयानुसार आकडे लोकांसमोर यावेत, किती सायकल (म्हणजे उपचाराच्या फेऱ्या) सुरू झाल्या आणि किती बाळं जन्मली, ब्रिटनमध्ये १९९१ पासून सरकारी नियामकाकडे प्रत्येक सायकलची नोंद होते मग आपल्या बायकांनी फक्त जाहिरातीतला सक्सेस रेट का बघायचा? त्यात कधी नुसती पॉझिटिव्ह टेस्टसुद्धा सक्सेस धरतात.

आणि बाहेरच्या संशोधनावर भागत नाही. आपल्याकडे गर्भाशयाचा, नळ्यांचा टीबी हे वंध्यत्वाचं मोठं कारण आहे, ना खोकला ना ताप, पाळी जरा कमी होते एवढंच, कधी तेही नाही, आणि आत नळ्या बंद होऊन जातात. युरोपात हा आजार क्वचित दिसतो, तिथले लोक यावर पैसा कशाला घालतील? ते आपल्यालाच करायला हवं, आणि जिल्हा रुग्णालयापासून. गोव्यात २०२३ ला सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू झालं, अशा ठिकाणी उपचार आणि अभ्यास दोन्ही एकत्र होऊ शकतं.

‘अनएक्सप्लेन्ड’ म्हणजे तुझा दोष नाही, नेहमीच्या तपासण्यांत कारण सापडलं नाही एवढाच त्याचा अर्थ. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही कारण असतं, हे सासूबाईंना नवऱ्यानेच सांगू दे. पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचार, टीबीसाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला होता का, आणि माझ्या वयाच्या बायकांत तुमच्याकडे सुरू केलेल्या सायकलमागे किती बाळं घरी गेली. उत्तर लिहून घे आणि सगळ्या रिपोर्टच्या कॉप्या मागून घे, बिलाच्या नाही, लॅबच्या.