तेलातला बुरा उभा का राहतो?

या महिन्यात कोल्हापूर भागातून आलेल्या पत्रांत तीन प्रश्न असे निघाले की एकाचं उत्तर दुसऱ्यात घुसतंय. तेलात, पाण्यात नाहीतर हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांना विजेनं किंवा लोहचुंबकानं हवं तसं हलवता येतं का, हा तिन्हींचा विषय, म्हणून एकत्रच घेतलेत.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. ग्राइंडिंगचा बारीक बुरा ऑइलच्या डब्यात पडला होता, बाहेरून लोहचुंबक लावला तर बुरा काट्यांसारखा ताठ उभा राहिला आणि तिथलं ऑइल पण घट्ट लागायला लागलं. चुंबक काढला की परत पातळ. हे काय आहे? आणि लई मोठा चुंबक आणला तर सगळा बुरा एकदम निघंल काय?

उत्तर : दादा, तुम्ही जे बघितलं त्याच्यावर काही गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर चालतात! चुंबक जवळ आला की बुऱ्याचा एकेक कण स्वतःच छोटा चुंबक होतो, एक टोक उत्तर, एक दक्षिण, मग तो शेजाऱ्याचं उलट टोक पकडतो, शेजारी पुढच्याचं, आणि अशा साखळ्या लागत जातात, म्हणून ते काटे. त्या साखळ्या तुटल्याशिवाय तेल वाहू शकत नाही म्हणून ते घट्ट लागतं. अमेरिकेत जेकब राबिनोव यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी याच गोष्टीवर क्लच बनवला होता, आणि 2002 साली कॅडिलॅक सेव्हिल गाडीत अशा तेलाचे शॉकअब्सॉर्बर आले. त्यात लोखंडाचे कण साधारण 1 ते 10 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, चुंबकाचं काम करणाऱ्या तारेच्या कॉइलमधला करंट कमीजास्त केला की काही मिलिसेकंदांत सस्पेन्शन कडक नाहीतर मऊ होतं.

आता मोठ्या चुंबकाचं. फील्ड, म्हणजे चुंबकाचा आजूबाजूच्या जागेतला जोर, कितीही असू दे, ते सगळीकडे सारखंच असेल तर कण फक्त वळतो आणि साखळी धरतो, जागचा सरकत नाही, कारण उत्तर टोकाला जेवढी ओढ तेवढीच दक्षिण टोकाला उलट्या बाजूनं. सरकायला फरक लागतो, इकडे फील्ड जास्त आणि तिकडे कमी असा. चुंबक मोठा असण्यापेक्षा त्याची कड, त्याचं टोक जास्त कामाचं ते यासाठी. चिनी मातीतून लोखंडाचा अंश काढायच्या मशीनमध्ये चुंबकाच्या पोटात स्टीलचा बारीक किस भरतात तो पण यासाठीच, प्रत्येक तारेच्या कडेला फील्ड झटकन बदलतं आणि कण तिथं जाऊन चिकटतात.

अजून एक महत्त्वाचं. कण निम्म्या जाडीचा झाला की त्याच्यावरची ओढ आठपट कमी होते, तेलाचा अडथळा मात्र निम्माच होतो, म्हणजे वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. दहापट बारीक असेल तर शंभरपट हळू! त्यामुळे जाड बुरा लगेच येणार आणि ज्याच्यामुळे तेल काळं दिसतं तो एकदम बारीक मागं राहणार, त्याला चुंबक लावून रात्रभर सोडा. तेल कोमट असताना लावलात तर अजून बरं, पातळ असतं.

प्रश्न : सर मी इचलकरंजीची, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. लोखंड नसलेल्या कणांना विजेनं असं करता येतं का? प्रोजेक्टसाठी घरी होईल असं काही सांगा ना.

उत्तर : येतं, आणि तुझ्या किचनमधलं सामान पुरतं. कॉर्नफ्लॉर खाण्याच्या तेलात कालव, चमच्यावरून धार पडेल इतकं पातळ ठेव, मग फुगा कोरड्या केसांवर चांगला घासून त्या धारेजवळ धर. धार फुग्याकडे वाकते आणि फुग्याजवळ घट्ट होते. कणांवर चार्ज नसतो, पण फुग्यामुळे प्रत्येक कणात एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण चार्ज सरकतो, मग साखळ्या लागतात, आणि फुग्याजवळ फील्ड जास्त, लांब कमी, म्हणून ओढ पण लागते. वरच्या दादांच्या बुऱ्याचंच गणित, फक्त विजेचं. अमेरिकेत विलिस विन्स्लो यांनी 1947 साली अशा द्रवांवर पेटंट घेतलं होतं. पाण्यात मात्र करू नकोस, पाण्यातून चार्ज वाहून जातो आणि फील्ड टिकतच नाही. पावसाळ्यातही फुगा नीट चार्ज होत नाही, दिवाळीनंतर कर. आणि कृपा करून घरच्या 230 व्होल्टच्या प्लगला किंवा जुन्या टीव्हीच्या सर्किटला हात लावू नकोस, जिवावर बेततं.

कणावर स्वतःचा चार्ज असेल तर गोष्ट वेगळी, मग सारखं फील्ड पण त्याला ओढतं. ई-रीडरचा, म्हणजे पुस्तकं वाचायच्या उपकरणाचा, स्क्रीन असाच चालतो, केसाच्या जाडीएवढ्या कुप्यांत पांढरे आणि काळे कण उलट चार्जचे, फील्ड फिरवलं की एक रंग वर येतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे पान एकदा उमटलं की करंट बंद केला तरी अक्षरं तशीच राहतात, कण घट्ट द्रवात जागच्या जागी थांबतात.

प्रश्न : मी गडहिंग्लजला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. चारी बाजूंनी चुंबक लावून मधे हवेत कण अधांतरी धरता येईल का? मुलं विचारतात.

उत्तर : मॅडम, मुलांचा प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवतो. नुसते स्थिर चुंबक किंवा स्थिर चार्ज लावून लोखंडाचा कण किंवा चार्ज असलेला कण मधे टिकत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉ यांनी 1842 च्या सुमारास गणितानं दाखवलं. एका दिशेनं धरला तर दुसरीकडून निसटतो. जर्मनीच्या वोल्फगांग पॉल यांनी यावर वाट काढली ती फील्ड सतत उलटसुलट करायची. खोगिरावर गोटी ठेवली तर बाजूला घसरते, पण खोगीर योग्य वेगानं फिरवत राहिलं तर घसरायच्या आतच उंच बाजू समोर येते, तसं. 1959 साली अशाच सापळ्यात ॲल्युमिनियमची धूळ हवा काढलेल्या भांड्यात अधांतरी धरून दाखवली होती, आणि पॉल यांना 1989 चं नोबेल मिळालं.

तो सापळा हजारो व्होल्टचा, वर्गात नको. त्याऐवजी ग्राफाइट घ्या, ते चुंबकाला किंचित ढकलतं आणि अशा पदार्थांना अर्नशॉचा नियम अडवत नाही (1997 साली नेदरलँड्समध्ये 16 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी फील्ड मोजायचं माप) फील्डमध्ये जिवंत बेडूक तरंगवला होता तो पण याच गुणामुळे). चार चौकोनी निओडिमियम चुंबक उत्तर-दक्षिण आलटून पालटून चिकटवा, वर पायरोलिटिक ग्राफाइटचा (कारखान्यात थर देऊन बनवलेलं ग्राफाइट) पातळ तुकडा सोडा. जेमतेम मिलिमीटरभर उचलला जातो, पण खालून कागद सरकवता येतो, तो मुलांनाच सरकवायला सांगा.