वाढदिवस जवळ आला की पोटात गोळा

‘ताई, वेळच मिळत नाही हो.’ न्यूयॉर्कमध्ये वकिली करणाऱ्या मराठी मंडळींकडून हे मी वारंवार ऐकते. तिथे दर दोन वर्षांनी, वाढदिवसानंतरच्या ३० दिवसांत वकिलीची नोंदणी नव्याने करायची असते आणि वकिलांना सक्तीच्या असलेल्या पुढच्या शिक्षणाचे २४ क्रेडिट, म्हणजे कोर्सच्या वेळेची एककं, पूर्ण झाल्याचं स्वतःच्या सहीने सांगायचं असतं.

इमिग्रेशनचे खटले लढवणारे एक वकील याच अडचणीत माझ्याकडे मार्गदर्शनाला आले, तेव्हा मी विचारलं, ‘किती राहिलेत?’

‘खूप.’

‘आकडा?’

ते गप्प. अशिलांची एकही तारीख न चुकवणाऱ्या माणसाला कोर्सची सर्टिफिकेटं आलेली स्वतःची मेल उघडवत नव्हती. हा आळस नव्हे, ही लाज असते. आणि धीर आला की काम करू म्हणणाऱ्याला धीर कधीच येत नाही, तो हात कामाला लागल्यावर येतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढच्या सत्रात माझ्यासमोरच मेल उघडायला लावली.

नऊ सर्टिफिकेटं निघाली, साडेतेरा क्रेडिट. एक रेकॉर्डेड कोर्स पूर्ण ऐकला होता, पण ऐकल्याचा पुरावा म्हणून मध्येच येणारा कोड टिपलाच नव्हता, त्यामुळे सर्टिफिकेट नाही. तो खोडला. उरले साडेदहा.

‘क्रेडिट ५० मिनिटांचं ना?’ मी विचारलं.

त्यांनीच हिशेब केला. ५२५ मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तास. हातात सात आठवडे.

‘म्हणजे आठवड्याला सव्वा तास?’ त्यांचा आवाजच बदलला. दोन वर्षं मानेवर बसलेल्या भीतीला पहिल्यांदा माप मिळालं होतं. त्या क्षणी मी मुद्दाम काहीच बोलले नाही, ते त्यांना स्वतःच्याच तोंडून ऐकू द्यायचं होतं.

मग पुढचं सोपं. नुसती बेरीज पुरत नाही. २४ पैकी किमान ४ नीतिमत्तेचे, १ विविधता व भेदभाव निर्मूलनाचा आणि १ सायबरसुरक्षेचा लागतो, आणि शेवटी अडतात ते हेच. यांच्याकडे नीतिमत्तेचा एकच होता, बाकीचे दोन्ही नव्हतेच, म्हणून हे पाच आधी उरकायचे, बाकी साडेपाच आवडीचे. जास्तीचे सहापर्यंत पुढच्या फेरीत धरता येतात. सर्टिफिकेट त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाकायचं, चार वर्षं जपायचं.

‘आधी सही करून मग पूर्ण केले तर?’ त्यांनी हळूच विचारलं. नाही. ते खोटं निवेदन ठरतं. खरंच जमणार नसेल तर मुदत संपण्याआधी वाढीव मुदतीचा अर्ज करावा.

निघताना त्यांनी फोन दाखवला. कॅलेंडरमध्ये गुरुवारी सकाळी सात वाजता, सुनावणीच्याच लाल रंगात, ‘नीतिमत्ता १’.